गाणं ॲशक्रॉफ्टचं, मालकी दुसऱ्याची: ‘बिटर स्वीट सिंफनी’चं प्रकरण

१६ जून १९९७ला ‘द व्हर्व्ह’ या इंग्लिश बँडचं ‘बिटर स्वीट सिंफनी’ हे सिंगल (एका गाण्यासाठी काढलेली वेगळी तबकडी) ब्रिटनमध्ये विक्रीला आलं आणि खपाच्या यादीत थेट दुसऱ्या क्रमांकावर जाऊन बसलं. सप्टेंबरअखेरीस ‘अर्बन हिम्स’ हा अल्बम आला. त्याच्या जगभरात एक कोटीच्या घरात प्रती खपल्या. गाणं रचलं आणि गायलं होतं रिचर्ड ॲशक्रॉफ्टने. पण अल्बमच्या वेष्टनावर रचनाकार म्हणून छापलं होतं ‘जॅगर-रिचर्ड्स’, आणि ॲशक्रॉफ्टचं नाव फक्त शब्दांपुरतं. ‘रोलिंग स्टोन्स’ या जुन्या इंग्लिश रॉक बँडच्या मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स यांनी या गाण्यासाठी ना एक ओळ लिहिली होती, ना एक तार छेडली होती. तरीही रचनेची रॉयल्टी जवळजवळ बावीस वर्षं ॲशक्रॉफ्टकडे आली नाही.

ही गोष्ट बहुतेक वेळा दोनच पद्धतींनी सांगितली जाते. एक म्हणजे, व्हर्व्हने स्टोन्सचं गाणं उचललं आणि ते पकडले गेले. दुसरी म्हणजे, गडगंज म्हाताऱ्यांनी तरुण पोराचं गाणं लुबाडलं. मला दोन्ही अपुऱ्या वाटतात, कारण दोन्हींत एक माणूस दिसतच नाही. जगाला हे गाणं ज्या व्हायोलिनांमुळे ओळखू येतं, त्या व्हायोलिनांचं बीज लिहिणारा माणूस.

विगनची चार पोरं

विगन हे मँचेस्टरजवळचं जुनं कोळसा-कापडाचं गाव. तिथल्या विन्स्टन्ली कॉलेजात ॲशक्रॉफ्ट, गिटारवादक निक मॅकेब, बासवादक सायमन जोन्स आणि ड्रमवादक पीटर सॅलिसबरी एकत्र आले. १९९०च्या सुमाराला बँड उभा राहिला. आधी नाव नुसतं ‘व्हर्व्ह’ होतं. त्याच नावाच्या अमेरिकन जाझ रेकॉर्ड कंपनीने हरकत घेतली म्हणून मागाहून ‘द’ लागलं. म्हणजे दुसऱ्याच्या मालकीचा झटका त्यांना सुरुवातीलाच बसला होता.

पहिले दोन अल्बम समीक्षकांना आवडले, पण विक्री बेताचीच झाली. १९९५मध्ये दुसरा अल्बम आल्याआल्या बँड फुटला. ॲशक्रॉफ्ट, जोन्स आणि सॅलिसबरी पुन्हा जमले आणि सायमन टाँग हा जुना मित्र गिटारला आला. मॅकेब मात्र १९९७च्या सुरुवातीपर्यंत परतला नव्हता. ‘बिटर स्वीट सिंफनी’चा पाया त्याच्या गैरहजेरीतच घातला गेला. गिटार-बँडचं सर्वांत गाजलेलं गाणं गिटारीवर उभं नाही, त्यामागे हेही कारण असावं असं मला वाटतं.

ॲशक्रॉफ्टला जुन्या तबकड्या धुंडाळायची सवय होती. अशाच एका तबकडीवरचा छोटासा तुकडा त्याने उचलला आणि तो गोल गोल फिरवत ठेवून त्यावर गाणं रचलं. एक आवृत्ती निर्माते जॉन लेकी यांच्याबरोबर ध्वनिमुद्रित झाली होती. पुढे मार्टिन ग्लोव्हर, म्हणजे संगीतविश्वात ‘यूथ’ या नावाने ओळखला जाणारा निर्माता, कामाला लागला तेव्हा ॲशक्रॉफ्टचं मन या गाण्यावरून उडालं होतं. यूथने नंतर सांगितलं आहे की आपणच त्याला पुन्हा एकदा प्रयत्न करायला लावलं, आणि व्हायोलिनं चढल्यावर मगच त्याला हुरूप आला. ती व्हायोलिनं, व्हिओला, चेलो यांचं नवं लेखन विल मॅलोन यांनी केलं. लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत काम झालं. उचललेल्या तुकड्यावर खऱ्या वादकांचे थर चढले, तालवाद्यं आली, आवाजावर आवाज चढले, आणि परतलेल्या मॅकेबची गिटार आली. शेवटी मूळ तुकडा त्या सगळ्याखाली इतका दबला की तो वेगळा काढून ऐकायला कान लावावा लागतो.

या प्रकरणाचा निवाडा करायचा तर गाण्याच्या बांधणीकडे नीट बघायला हवं. साधारण सहा मिनिटांच्या या गाण्यात चारच कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरांचे गट) आहेत आणि त्या एकाच क्रमाने शेवटपर्यंत फिरतात. ध्रुवपद आलं म्हणून स्वरसंगती बदलत नाही, अंतऱ्यासाठीही बदलत नाही. गाणारा सांगतो ती बदलू पाहणाऱ्या आणि बदलू न शकणाऱ्या माणसाची गोष्ट आहे, आणि त्याच्या मागचं संगीतही त्याला त्या चक्रातून बाहेर पडू देत नाही. उचललेला तुकडा इथे शोभेसाठी नाही, गाण्याचा अर्थच त्या फिरण्यात आहे. म्हणून ‘अहो, घेऊन घेऊन घेतलं किती, चार आवर्तनंच ना!’ हा ॲशक्रॉफ्टच्या बाजूने होणारा युक्तिवाद मला पटत नाही. घेतलं थोडं, पण जे घेतलं त्याचाच गाण्याला पाया केला. त्याचा मोबदला द्यायलाच हवा होता. वाद असायला हवा होता तो किती आणि कोणाला, एवढाच.

तुकड्याची वंशावळ

तुकडा आला ‘अँड्र्यू ओल्डहॅम ऑर्केस्ट्रा’च्या तबकडीवरून. अँड्र्यू लूग ओल्डहॅम हा रोलिंग स्टोन्सचा पहिला खरा मॅनेजर. १९६३मध्ये विशीही न गाठलेल्या या पोराने स्टोन्सना हाताशी धरलं आणि बीटल्सच्या गोंडस प्रतिमेसमोर त्यांची वाह्यात प्रतिमा उभी केली. स्टोन्सच्या गाण्यांची वाद्यवृंदावर बसवलेली रूपंही त्याने बाजारात आणली. त्यात १९६५च्या ‘द लास्ट टाइम’चं एक रूप होतं. या वाद्यवृंदाला नाव ओल्डहॅमचं, पण या गाण्यासाठी कागदावर स्वर लिहिणारा माणूस होता डेव्हिड व्हिटेकर.

आता स्टोन्सचं ‘द लास्ट टाइम’ ऐकून बघा. त्यात व्हायोलिनं नाहीत. ते सुरू होतं ब्रायन जोन्सच्या गिटारीच्या फिरत्या तुकड्याने आणि चालतं रॉकच्या सरळ ठोक्यावर. त्यातून ‘बिटर स्वीट सिंफनी’ ओळखून दाखवणं कठीण आहे. व्हिटेकर यांनी स्टोन्सच्या गाण्याचा कॉर्डचा सांगाडा ठेवला, चाल सैल केली, गती उतरवली आणि त्यावर तंतुवाद्यांची भारदस्त फिरती ओळ बसवली. व्हर्व्हने घेतली ती ओळ तिथली आहे.

स्टोन्सच्या गाण्याच्या मागे गेलं तर आणखी एक पायरी लागते. १९५०च्या दशकात शिकागोच्या ‘स्टेपल सिंगर्स’ या कृष्णवर्णीय कुटुंबाने ‘धिस मे बी द लास्ट टाइम’ हे गॉस्पेल गाणं ध्वनिमुद्रित केलं होतं. तेही मुळात चर्चमधल्या परंपरेतून आलेलं. ही वेळ कदाचित शेवटची, देवाची आळवणी करून घ्या, अशा आशयाचं. स्टोन्सने ध्रुवपदाची ओळ आणि चालीचा ढंग तिथून घेतला आणि देवाच्या जागी प्रेयसीला दटावणारा तरुण उभा केला. आपण स्टेपल सिंगर्सच्या गाण्यावरूनच हे बांधलं, हे कीथ रिचर्ड्सने पुढे मोकळेपणाने सांगितलं आहे. १९६५च्या तबकडीवर मात्र रचनाकार म्हणून जॅगर आणि रिचर्ड्स एवढीच नावं होती, आणि पारंपरिक गाण्याचा कोणी मालक नसल्याने ती नावं तिथे कायम राहिली.

चर्च, स्टेपल कुटुंब, स्टोन्स, व्हिटेकर आणि व्हर्व्ह या पाच पायऱ्यांपैकी एकाच पायरीवर कायद्याने मालकीचा फलक लागला होता. वर-खाली काहीही घडलं तरी पैसे त्या फलकाकडेच वाहणार होते.

एक परवानगी मिळाली, दुसरी राहिली

ध्वनिमुद्रित गाण्यात दोन वेगळे हक्क असतात, आणि या प्रकरणाची सगळी गाठ तिथे आहे. एक हक्क त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा. तो बहुधा रेकॉर्ड कंपनीचा असतो. दुसरा हक्क मूळ रचनेचा, म्हणजे शब्द आणि चाल यांचा. तो रचनाकाराचा, आणि व्यवहारात त्याच्या प्रकाशक कंपनीचा. दुसऱ्याच्या तबकडीवरचा तुकडा कापून वापरायचा तर दोन्ही दारं ठोठवावी लागतात. तोच तुकडा आपल्या वादकांकडून नव्याने वाजवून घेतला तर पहिलं दार टळतं, दुसरं टळत नाही.

व्हर्व्हच्या बाजूने पहिलं दार रीतसर उघडून घेतलं होतं. ओल्डहॅमची तबकडी डेका कंपनीची होती आणि डेकाकडून ध्वनिमुद्रण वापरायची परवानगी मिळाली होती. त्यामुळे ‘चोरी’ हा शब्द इथे चुकीचा आहे. दुसरं दार होतं न्यूयॉर्कच्या ‘अब्को’ या कंपनीचं, आणि त्या दारात ॲलन क्लाइन बसला होता.

क्लाइन हा हिशेबनीस. रेकॉर्ड कंपन्यांच्या वह्या तपासून कलाकारांचे दडवलेले पैसे बाहेर काढायचे, या कसबावर तो मोठा झाला. १९६५मध्ये तो स्टोन्सच्या कारभारात आला आणि त्यांना त्याने तेव्हाच्या मानाने प्रचंड आगाऊ रक्कम मिळवून दिली. पुढे बीटल्सच्याही कारभारात शिरला. १९७०मध्ये स्टोन्सने त्याला दूर केलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की १९६०च्या दशकातल्या आपल्या गाण्यांचे हक्क त्याच्या कंपनीकडे गेले आहेत. ‘द लास्ट टाइम’ त्यातलंच. व्हर्व्हचा खरा सामना स्टोन्सशी नव्हताच. रचनाकार म्हणून त्यांची नावं होती, पण सौदा करायचा अधिकार क्लाइनकडे होता.

हा माणूस काय करू शकतो, याचा दाखला आधीच घडलेला होता. बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनच्या ‘माय स्वीट लॉर्ड’ या गाण्यावर ‘ही इज सो फाइन’ या दुसऱ्या गाण्याची चाल नकळत उतरली आहे, असा निकाल अमेरिकन न्यायालयाने १९७६मध्ये दिला. दावा सुरू झाला तेव्हा हॅरिसनची बाजू सांभाळणारा क्लाइनच होता. पुढे त्याच क्लाइनने ‘ही इज सो फाइन’चे हक्क असलेली कंपनी विकत घेतली आणि आपल्याच जुन्या अशिलासमोर उभा राहिला. १९८१मध्ये न्यायालयाला सांगावं लागलं की या व्यवहारातून त्याने नफा काढू नये, मोजलेल्या ५ लाख ८७ हजार डॉलर्सवर हा हक्क हॅरिसनला द्यावा. अशा माणसाकडे तयार, छापलेली, गाजणार हे कोणालाही कळावं अशी तबकडी घेऊन सवलत मागायला जायचं होतं.

व्हर्व्हचे मॅनेजर जॅझ समर्स आणि व्हर्जिन या रेकॉर्ड कंपनीचे वरिष्ठ केन बेरी यांनी प्रयत्न केले. क्लाइनची भूमिका सरळ होती, आपल्या गाण्यांचं सॅम्पलिंग, म्हणजे तुकडा कापून नव्या गाण्यात वापरणं, आपण होऊ देत नाही. व्हर्व्हच्या सायमन जोन्सने नंतर सांगितलं की आधी बोलणी निम्म्या-निम्म्या वाट्याची होती, मग गाणं किती जोरात चाललंय हे दिसल्यावर पवित्रा बदलला: शंभर टक्के द्या, नाहीतर तबकड्या दुकानांतून उचला. अखेर रचनेचा सगळा हक्क अब्कोकडे गेला. ॲशक्रॉफ्टने शब्दांचे हक्कही सोडले, त्याबदल्यात त्याला मिळाले एक हजार डॉलर्स.

वेळ हाच इथला खरा घटक आहे. सहा महिने आधी हीच बोलणी झाली असती तर व्हर्व्हकडे पर्याय होते. तुकडा काढून टाकायचा, मॅलोनकडून वेगळी ओळ लिहून घ्यायची, किंवा दुसरं गाणं सिंगल म्हणून पुढे करायचं. जूनमध्ये यातलं काहीच उरलं नाही. अब्कोच्या हातात न्यायालयात जिंकायचा पुरावा असण्याची गरजच नव्हती. माल परत मागवायला लावायची धमकी पुरेशी होती.

खटला झाला असता तर? मला हा प्रश्न मोलाचा वाटतो, कारण उत्तर उघड नाही. व्हिटेकर यांची ओळ स्टोन्सच्या गाण्यात नाही, मग ती वापरल्याने स्टोन्सच्या रचनेतलं नेमकं किती वापरलं गेलं? कॉर्डचा एक क्रम? तेवढ्यावर कोणाची मालकी लागत नाही. दुसरीकडे, ज्या तबकडीवर ‘द लास्ट टाइम, रचना: जॅगर-रिचर्ड्स’ असं छापलंय तिचाच तुकडा कापून घेतल्यावर ही ती रचना नव्हेच, असं म्हणायला फार धैर्य लागतं. हा मुद्दा न्यायालयापुढे कधी आलाच नाही. व्हर्व्हने तडजोड केली. त्या वेळी, बँड नुकताच सावरत असताना, दुसरं काय करता आलं असतं हे मलाही दिसत नाही.

पहिल्या क्रमांकावर कोण होतं?

‘बिटर स्वीट सिंफनी’ दुसऱ्या क्रमांकावर अडलं ते अमेरिकन रॅपर पफ डॅडीच्या ‘आय विल बी मिसिंग यू’मुळे. तेही उसन्या तुकड्यावर उभं होतं, ‘द पोलीस’ या बँडच्या १९८३च्या ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’वर. तिथेही आधी परवानगी घेतली नव्हती, आणि रचनेची रॉयल्टी सगळी त्या बँडचा गायक स्टिंग याच्याकडे गेली. पण त्या गाण्यात आपल्याला सतत ऐकू येतो तो गिटारीचा तुकडा स्टिंगने वाजवलेला नाही, बसवलेलाही नाही. तो त्याच बँडच्या अँडी समर्स या गिटारवादकाचा आहे. नोंदीत गाण्याचा रचनाकार एकटा स्टिंग, म्हणून समर्सला रचनेतलं काही मिळालं नाही. त्याबद्दलची चीड त्याने पुढे मुलाखतींत उघड बोलून दाखवली आहे.

ब्रिटनच्या यादीत त्या जूनमध्ये शेजारी शेजारी बसलेली ही दोन गाणी पाहिली की हा एका क्लाइनच्या दुष्टपणाचा मामला राहत नाही. दोन्हींत लोकांनी गुणगुणली ती एका वादकाने किंवा संयोजकाने घातलेली ओळ, आणि पैसा गेला चाल-शब्दांच्या नोंदीत नाव असलेल्याकडे. रचना म्हणजे मुख्य चाल आणि शब्द, बाकी सगळा साज, ही समजूत छापील स्वरलिपी विकली जायची त्या काळातली आहे. ध्वनिमुद्रण आल्यावर साज हाच कित्येकदा गाणं झाला, पण हिशेबाच्या वह्या जुन्याच राहिल्या.

मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. अनिल मोहिले किंवा श्यामराव कांबळे यांनी संयोजन केलेल्या गाण्यांचे सुरुवातीचे वाद्यतुकडे आपण गाण्याआधी ओळखतो. तबकडीवर गायक, कवी, संगीतकार यांची नावं वाचत आपण मोठे झालो, संयोजकाचं नाव शोधायची वेळ फारशी कोणावर आली नाही.

व्हिटेकर यांना ठरलेल्या मेहनतान्यावर लिहिणारा संयोजक म्हणून इंग्लंडातल्या स्टुडिओंत मोठा मान होता. सर्ज गेन्सबर्ग, मारियान फेथफुल यांच्यासाठीही त्यांनी काम केलं. अशा कामात रक्कम एकदाच हाती पडते. तबकडी तीस वर्षांनी पुन्हा जिवंत झाली तर त्यात वाटा नसतो. ‘बिटर स्वीट सिंफनी’च्या कोणत्याही टप्प्यावर रचनाकारांच्या यादीत त्यांना जागा मिळाली नाही. स्टोन्सचं नाव लागलं, ॲशक्रॉफ्टचं शब्दांपुरतं लागलं, ओल्डहॅमचं वाद्यवृंदाच्या नावात राहिलं.

गाजलेल्या गाण्याचा मालक नसणं

हक्क गेला म्हणजे फक्त पैसे गेले असं नाही. गाणं कुठे वाजावं हे ठरवायचा अधिकारही गेला. १९९८मध्ये नायकीच्या जाहिरातीत ते वाजलं. व्हर्व्हला ते नको होतं. पण रचना अब्कोची असल्याने दुसऱ्या वादकांकडून तेच गाणं वाजवून घेऊन जाहिरातीत वापरायला मोकळीक होती. मग निदान आपलं ध्वनिमुद्रण तरी असू दे, एवढाच निर्णय बँडकडे उरला. त्यातून आलेले पैसे त्यांनी धर्मादाय कामाला दिल्याचं तेव्हा छापून आलं.

अमेरिकेत सिंगल बिलबोर्डच्या यादीत १२व्या क्रमांकापर्यंत गेलं आणि गाण्याला उत्कृष्ट रॉक गीताचं ग्रॅमी नामांकन मिळालं. नामांकन रचनाकारांचं असतं, त्यामुळे ते जॅगर आणि रिचर्ड्स यांच्या नावावर गेलं. स्टोन्सनी वीस वर्षांत लिहिलेलं हे सर्वोत्तम गाणं, असा टोला ॲशक्रॉफ्टने हाणला, त्यात कडवटपणा आहे पण खोटं फारसं नाही. रिचर्ड्सला विचारलं तेव्हा तो म्हणाला होता की हा वकिलांचा मामला आहे, व्हर्व्हने याहून चांगलं गाणं लिहावं आणि ते पैसे ठेवून घ्यावेत. ओल्डहॅमही मागे राहिला नाही. १९९९मध्ये त्याने आपल्या ध्वनिमुद्रणाच्या वापरापोटी थकलेल्या रॉयल्टीसाठी दावा लावला. पुढे एका मुलाखतीत तो म्हणाला की ॲशक्रॉफ्टला वाटतं त्याने काहीतरी लिहिलं, पण त्याने ते लिहिलेलंच नाही. ओल्डहॅमचं हे बोलणं मला सगळ्यांत जास्त खटकतं. स्वतःच्या नावाच्या वाद्यवृंदातली ओळ ज्याने दुसऱ्याकडून लिहून घेतली, त्याने तरी ‘कोणी लिहिलं’ हा प्रश्न इतक्या सहज निकाली काढायला नको होता.

लोकांच्या मनात मात्र मालकीचा घोळ कधीच नव्हता. वॉल्टर स्टर्नने दिग्दर्शित केलेल्या व्हिडिओत ॲशक्रॉफ्ट लंडनच्या हॉक्स्टन स्ट्रीटवरून नाकासमोर चालत जातो, कोणासाठी बाजूला होत नाही, धक्के देतो, धक्के खातो. तो व्हिडिओ पाहिलेल्या कोणालाही हे गाणं जॅगरचं आहे असं पटवता आलं नसतं. २४ मे १९९८ला विगनच्या हेग हॉलच्या मैदानावर तीस हजारांहून जास्त लोक जमले, गावातल्या पोरांचं गाणं ऐकायला. पुढच्या वर्षी बँड पुन्हा फुटला. त्याची कारणं आतल्या माणसांमधली होती, या वादावर ती ढकलणं बरोबर नाही. २००५मध्ये हाइड पार्कच्या ‘लाइव्ह ८’ कार्यक्रमात कोल्डप्लेच्या क्रिस मार्टिनने ॲशक्रॉफ्टला मंचावर बोलावलं आणि हे बहुधा आजवर लिहिलं गेलेलं सर्वोत्तम गाणं आहे असं सांगून त्याच्याकडून गाऊन घेतलं. जगभर प्रक्षेपण चाललं होतं, आणि रचनेची रॉयल्टी तेव्हाही अब्कोच्या वहीत जमा होत होती.

२०१९

ॲलन क्लाइन २००९मध्ये वारला. कंपनी त्याचा मुलगा जोडी क्लाइन सांभाळत होता. ॲशक्रॉफ्टच्या नव्या व्यवस्थापकांनी, स्टीव्ह कुटनर आणि जॉन केनेडी यांनी, कज्जा न करता थेट विचारायचं ठरवलं. जोडी क्लाइनने बोलणं ऐकून घेतलं, स्टोन्सच्या मॅनेजर जॉइस स्मिथ यांनी विषय जॅगर आणि रिचर्ड्स यांच्यापर्यंत नेला, आणि दोघांनी होकार दिला. गाण्यातून मिळणारा आपला सगळा वाटा ॲशक्रॉफ्टला द्यायचा आणि रचनाकारांत आपली नावं राहिली नाहीत तरी चालेल, असं त्यांनी मान्य केलं. २३ मे २०१९ला लंडनमध्ये गीत-संगीत रचनाकारांना दिला जाणारा आयव्हर नोव्हेलो पुरस्कार स्वीकारताना ॲशक्रॉफ्टने हे जाहीर केलं आणि दोघांच्या मनाच्या मोठेपणाबद्दल आभार मानले. आपलं भांडण स्टोन्सशी कधीच नव्हतं, हेही तो म्हणाला. टीव्हीवर इंग्लंडच्या फुटबॉल सामन्याआधी हे गाणं लागायचं आणि दरवेळी जखमेवर बोट पडायचं, आता सामना निवांत बघता येईल, असं त्याने सांगितलं.

कोणताही कायदा बदलला नव्हता. कोणत्याही न्यायालयाने १९९७चा करार अन्यायाचा ठरवला नव्हता. बावीस वर्षांत ना कोणाची बाजू नव्याने सिद्ध झाली, ना पाडली गेली. कागद ज्यांच्या नावाने होता त्यांना विचारलं गेलं आणि त्यांनी तो सोडला. त्यांच्याकडे तेवढी श्रीमंती होती हे खरं, पण पैसा असलेला प्रत्येक जण सोडतो असं नाही, म्हणून श्रेय द्यायलाच हवं. आणि त्याच वेळी हेही दिसतं की तोडगा चांगुलपणातून निघाला, हक्कातून नाही. उद्या याच जागी दुसरा कोणी ॲशक्रॉफ्ट आला तर त्याच्यासाठी व्यवस्था जशी होती तशीच आहे. फरक एवढाच पडलाय की आता रेकॉर्ड कंपन्यांचे वकील दोन्ही परवानग्या लेखी हातात आल्याशिवाय सॅम्पल असलेलं गाणं सहसा बाहेर पडू देत नाहीत, आणि असं का, हे सांगताना १९९७चं हे उदाहरण हमखास निघतं.

२०२१मध्ये ॲशक्रॉफ्टने आपली जुनी गाणी अकूस्टिक वाद्यांवर नव्याने ध्वनिमुद्रित केली. त्या अल्बमची सुरुवात ‘बिटर स्वीट सिंफनी’नेच झाली, आणि या वेळी रचनेचे पैसे त्याचे होते. डेव्हिड व्हिटेकर २०१२मध्येच गेले होते. २०१९चा व्यवहार झाला तो ज्यांच्याकडे हक्क होते आणि ज्याच्याकडून ते गेले होते त्यांच्यात. व्हिटेकर यांच्याकडून कोणी काही हिरावून घेतल्याची नोंदच कुठे नव्हती, त्यामुळे त्यांना काही परत करायचा प्रश्न त्या टेबलावर आला नाही.